डॉक्टरकीचा खर्च : आधी कागद, मग पैसा

मुलगी डॉक्टर व्हायचे म्हणते आणि घरात पहिला प्रश्न उठतो, पैसा कुठून आणायचा? माता-पित्यांनो, घाबरू नका, हिशेब मांडा.

एम.बी.बी.एस. म्हणजे साडेचार वर्षे शिक्षण आणि एक वर्ष आंतरवासिता. अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर भारत सरकारची शिष्यवृत्ती आहे. त्याहून जास्त असेल तर राज्याची फ्रीशिप. व्यवस्थापन कोट्यातील प्रवेशाला मात्र ही सवलत नाही. दलालाच्या नादाने घर गहाण टाकू नका.

जात पडताळणीचे काम अकरावीतच सुरू करा. १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांचा शाळेचा दाखला गावाहून आणायला वेळ जातो. प्रमाणपत्र वेळेवर नसेल तर राखीव जागा हातची जाते.

फी सुटली तरी जेवण, पुस्तके, प्रवास उरतोच. सरकारी वसतिगृह न मिळाल्यास स्वाधार योजनेचा अर्ज भरा. सरकारी रक्कम उशिरा येते, म्हणून मेसच्या काही महिन्यांचे पैसे आधीच बाजूला ठेवा.

बाबासाहेब १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले. शिष्यवृत्ती घेण्यात कमीपणा नाही. अर्जाची तारीख चुकवू नका!