काष्ठगंधी, धूम्रगंधी व चर्मगंधी सुगंधद्रव्ये

काष्ठगंधी, धूम्रगंधी व चर्मगंधी सुगंधद्रव्ये : लाकूड, धूर व कमावलेले कातडे यांच्या वासाची आठवण करून देणारी, सावकाश उडणारी आणि अंगावर वा कापडावर दीर्घकाळ टिकणारी सुगंधद्रव्ये. विसाव्या शतकात पाश्चात्त्य देशांत ती मुख्यतः पुरुषांची मानली गेली. भारतात अशी काटेकोर विभागणी नव्हती; चंदन, वाळा, ऊद व नागरमोथा यांचे गंध स्त्रीपुरुष दोघेही वापरीत आले आणि देवपूजेतही तेच योजले गेले. या वर्गातील कित्येक जुने घटक दुर्मिळ झाले वा कायद्याने वर्ज्य ठरले. त्यामुळे १९७० नंतरच्या काळात त्यांचे पर्याय शोधणे हा सुगंध उद्योगातील एक महत्त्वाचा प्रश्न बनला. या पर्यायांपैकी नागरमोथ्याचे तेल हे विशेष लक्षणीय आहे. कारण सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूर येथे वारकऱ्यांच्या कपाळी लागणाऱ्या बुक्क्यात हीच वनस्पती परंपरेने वापरली जाते.

या गंधांना रूढ नावे असली, तरी ती कोणा एका पदार्थाच्या वासाची नावे नव्हेत. कातड्याचा म्हणून जो वास ओळखला जातो तो मूळ कातड्याचा नसून ते कमावण्यासाठी वापरलेल्या साली, तेले व धूर यांचा असतो. रशियात कमावलेल्या कातड्याला बर्च झाडाच्या सालीचे तेल चोळीत. ही साल बंद भांड्यात तापवून, म्हणजे शुष्क ऊर्ध्वपातनाने, मिळणाऱ्या डांबरासारख्या तेलात ग्वायाकॉल, क्रेसॉल इ. फिनॉलवर्गीय संयुगे असतात व धुराचा वास त्यांच्यामुळेच येतो. कोल्हापुरी चपलांचे कातडे परंपरेने बाभळीची साल व हिरडा यांनी कमावले जाते आणि त्याचा वास रशियन कातड्याहून अगदी निराळा असतो. या चपलांना २०१९ मध्ये मिळालेल्या भौगोलिक निर्देशांकात महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांचा समावेश असून सोलापूर हा त्यांपैकी एक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून क्रोमियमच्या लवणांनी कातडी कमावण्याची पद्धत पसरली व बाजारातील बहुतेक कातड्याला जुना वास उरला नाही. चर्मगंधी अत्तरांनी कातड्याच्या ज्या वासाची नक्कल केली, तो वास खुद्द कातड्यातूनच असा बराचसा नाहीसा झाला.

दख्खनमध्ये या गंधांचा शास्त्रशुद्ध विचार फार पूर्वी झालेला आढळतो. कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी, म्हणजे आजचे बसवकल्याण, सोलापूरच्या पूर्वेस आहे. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील मानसोल्लास या ग्रंथात राजाच्या उपभोगांमध्ये विलेपन व धूप यांचे विवेचन आहे. गंगाधराच्या गंधसार या संस्कृत ग्रंथात भावन, पाचन, बोध, वेध, धूपन व वासन अशा सहा प्रक्रिया सांगितल्या आहेत. त्यांपैकी धूपन म्हणजे द्रव्याला धुराचा संस्कार देणे. या ग्रंथाच्या हस्तलिखितातच गंधवाद हा दुसरा ग्रंथ असून त्यावर मराठी टीका आहे. प. कृ. गोडे यांनी १९४५ मध्ये हे हस्तलिखित अभ्यासकांच्या नजरेस आणले. सुगंधनिर्मितीवरील मराठीतील जुन्या लेखनाचा हा मोलाचा नमुना होय. पुढे विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या नावे इत्र-इ-नौरसशाही हा सुगंधविषयक फार्सी ग्रंथ लिहिला गेला. उत्तरेत कनौज येथे राळ व नखला जाळून त्यांच्या धुराचे तेल काढतात; त्याला चोया म्हणतात. नखला म्हणजे समुद्री शंखप्राण्याचे झाकणासारखे कवच. बर्चच्या तेलाशी या चोयांचे गंधसाम्य पुष्कळ आहे. तेथेच अत्तरातील पाण्याचा अंश निघून जावा म्हणून ते उंटाच्या कातड्याच्या कुपीत मुरत ठेवण्याची जुनी रीत आहे.

पाश्चात्त्य देशांत या प्रकाराला आधुनिक वळण मिळाले ते संश्लेषित रसायनांमुळे. पॅरिसच्या उबिगां या पेढीने १८८२ मध्ये काढलेल्या ‘फूजेर रॉयाल’ मध्ये कूमरीन वापरले होते. कोटी यांचे ‘शीप्र’ १९१७ मध्ये आले. ओकवृक्षावरील शैवाक, लॅब्डॅनम राळ व बर्गमॉट हा त्याचा सांगाडा पुढे असंख्य अत्तरांनी स्वीकारला. कॅरन यांचे ‘ताबा ब्लाँ’ (१९१९) हे तंबाखू व कातडे यांच्या वासाचे अत्तर मुळात स्त्रियांसाठी होते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. गेर्लां यांचे वाळ्याचे ‘व्हेतिव्हेर’ (१९५९) व ‘ॲरामिस’ (१९६५) यांनी मात्र हा गंध पुरुषांचा म्हणून पक्का केला. आयसोब्युटिल क्विनोलीन या संश्लेषित संयुगाचा कडवट, कोरड्या कातड्यासारखा वास चर्मगंधी अत्तरांत सर्रास वापरला जाई व आजही वापरला जातो.

जुने घटक मागे पडण्याची कारणे एकसारखी नाहीत. कस्तुरीमृगाला भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण मिळाले. उदाच्या झाडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले. चंदनाची नैसर्गिक झाडे बेसुमार तोडीमुळे व चोरीमुळे घटली. मध्यकाष्ठ परिपक्व होण्यास काही दशके लागत असल्याने लागवडीने ही तूट लवकर भरून येत नाही. इतर काही घटकांबाबत प्रश्न आरोग्याचा होता. बर्चच्या कच्च्या तेलात कर्करोगकारक बहुचक्रीय हायड्रोकार्बने असल्याने केवळ शुद्ध केलेले तेलच वापरता येते. ओकशैवाकातील ॲट्रॅनॉल व क्लोरोॲट्रॅनॉल यांनी त्वचेला अधिहर्षता होते, म्हणून यूरोपीय संघाने २०१७ मध्ये नियम करून त्यांवर बंदी घातली. ही द्रव्ये असलेल्या मालाची विक्री ऑगस्ट २०२१ पासून बंद झाली. याचा परिणाम असा की, जुन्या नावाची अत्तरे बाजारात राहिली, पण त्यांतील घटक बदलले. जुन्या ग्राहकांची तक्रार निराधार नाही.

पर्यायी द्रव्यांत शैवाकासाठी एव्हर्निल हे संयुग रूढ आहे. ते शैवाकातही अल्प प्रमाणात असते. त्याचा वास स्वच्छ व टिकाऊ असला, तरी मूळ अर्काची खारट, ओलसर खोली त्यात नाही. मसाल्यातील दगडफूल हेही शैवाकच असल्याने मूळ गंधाची कल्पना मराठी वाचकाला सहज येईल. चंदनाऐवजी सँडॅलोर, जावॅनॉल इ. संयुगे वापरतात. चंदनतेलात सुमारे अर्धा भाग आल्फा-सँटॅलॉल असते. नुसती संश्लेषित संयुगे त्याच्या दुधाळ मऊपणाची बरोबरी करीत नाहीत. थोडे अस्सल तेल मिसळल्यास फरक बराच कमी होतो. देवदारवर्गीय कोरड्या लाकडाच्या वासासाठी १९७० नंतरच्या दशकात आलेले आयसो ई सुपर सर्वत्र पसरले. ‘तेर देर्मेस’ (२००६) मध्ये ते मोठ्या प्रमाणात आहे, तर त्याच वर्षीच्या ‘मॉलिक्यूल ०१’ मध्ये त्याखेरीज दुसरे गंधद्रव्यच नाही. मऊ कातड्याच्या वासासाठी स्यूडेराल व केशराची छटा असलेले सॅफ्रालीन वापरतात. जुन्या वाळ्याच्या अत्तराच्या चाहत्यास ‘आंक्र न्वार’ (२००६) अधिक काळपट वाटेल. कातड्याच्या चाहत्यांना ‘टस्कन लेदर’ (२००७) जवळचे ठरू शकेल. नावावरून वा किमतीवरून निवड करण्यापेक्षा मूळ अत्तरातील आवडणारा गुण धुराचा, कडवटपणाचा की मातीचा हे आधी ठरविणे इष्ट होय. एकाच पर्यायात तिन्ही क्वचितच सापडतात.

नागरमोथ्यात मात्र ते बरेचसे एकत्र येतात. सायपेरस स्कॅरिओसस या वनस्पतीच्या मूलक्षोडांचे बाष्प-ऊर्ध्वपातन करून मिळणाऱ्या तेलाला व्यापारात सिप्रिओल म्हणतात. लाकूड, ओली माती, धूर, मिरीची छटा व मागे रेंगाळणारे कातडे असा त्याचा वास असून उदाच्या वासाची नक्कल करणाऱ्या मिश्रणांत त्याला मोठी मागणी असते. याचाच जवळचा आप्त लव्हाळा, सायपेरस रोटंडस, हे शेतकऱ्याला नकोसे झालेले चिवट तण होय. पंढरपूरच्या बुक्क्यात कोळशाच्या बारीक भुकटीत नागरमोथा, वाळा, कचोरा, दवणा, चंदन यांसारख्या द्रव्यांची पूड मिसळतात. प्रमाण कारागिरागणिक वेगळे असते. कोळसा स्वतः जवळजवळ निर्गंध असला, तरी सच्छिद्र असल्याने गंधरेणू धरून ठेवतो व हळूहळू सोडतो. म्हणजे अत्तरातील स्थिरीकारकाचे काम येथे तो करतो. स्वस्त बुक्क्यात वनस्पतींऐवजी तयार कृत्रिम सुगंध घालतात. असा बुक्का उघडताच भपकन वास येतो व लवकर विरतो. अस्सल बुक्क्याचा वास प्रथम मंद असतो व घामाने ओल्या झालेल्या कपाळावर तो खुलतो.

सोलापूरसारख्या कोरड्या, उन्हाळ्यात चाळीस अंश सेल्सियसच्या वर तापणाऱ्या प्रदेशात लिंबूवर्गीय हलके गंध थोड्याच वेळात उडून जातात. अधिक रेणवीय भाराची काष्ठगंधी द्रव्ये मात्र टिकतात. याच कारणाने तीव्र चर्मगंधी अत्तर उन्हात उग्र होते व त्याची मात्रा कमी ठेवावी लागते. वाळा, नागरमोथा व थोडे चंदन यांचे तेलातील मिश्रण अशा हवेला अल्कोहॉलयुक्त अत्तरापेक्षा अधिक मानवते. ते कापडावर लावल्यास डाग पडण्याचा संभव असल्याने कानामागे वा मनगटावर लावतात.