मुळाच्या टोकाची सावली : रूट कॅनलच्या यशापयशाचे सव्वाशे वर्षांचे मोजमाप

दाताच्या पोकळीतील दंतगर, म्हणजे रक्तवाहिन्या व मज्जातंतू असलेला मऊ भाग, किडीमुळे सडला की मुळातील अरुंद नलिका खरवडून, औषधी द्रावणाने धुऊन ती गटापर्चा या रबरासारख्या पदार्थाने बंद करतात. या उपचाराला शास्त्रीय भाषेत मूळनलिका उपचार आणि रोजच्या बोलण्यात रूट कॅनल म्हणतात. ज्या नलिकेत वैद्याचे अवजार फिरते ती त्याला पुरती दिसत नाही, आणि मुळाच्या टोकाभोवतीचे जे हाड भरून आले की नाही यावर उपचाराचा निकाल ठरतो, ते तर मुळीच दिसत नाही. त्यामुळे उपचार साधला की फसला हे ठरवण्याचे काम जवळजवळ सुरुवातीपासून क्ष-किरणांच्या प्रतिमेकडे गेले. त्यानंतरच्या सव्वाशे वर्षांत प्रतिमा अधिकाधिक स्पष्ट होत गेल्या, हा या इतिहासाचा सर्वपरिचित भाग आहे. मात्र प्रत्येक नव्या प्रतिमेबरोबर यशाची मोजपट्टीही बदलली आणि जुन्या यशाचा काही भाग अपयशाच्या खात्यात गेला, याची चर्चा तज्ज्ञांच्या वर्तुळाबाहेर फारशी झालेली नाही.

विल्हेल्म राँटगेन यांनी नोव्हेंबर १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले, त्याची वार्ता वर्षअखेरीस प्रसिद्ध झाली, आणि जानेवारी १८९६ मध्येच जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथील दंतवैद्य ओटो वॉल्कहॉफ यांनी स्वतःच्या तोंडात काचेची पट्टी धरून, तब्बल पंचवीस मिनिटे किरण अंगावर घेऊन, दातांचे पहिले क्ष-किरण चित्र मिळवले. अमेरिकेत न्यू ऑर्लीन्सच्या एडमंड केल्स यांनी त्याच वर्षी हे तंत्र हाती घेतले व १८९९ मध्ये नलिकेत शिशाची तार सरकवून चित्र काढले, जेणेकरून तार मुळाच्या टोकापर्यंत पोहोचली आहे की नाही हे पडद्याआडचे गणित डोळ्यांना दिसावे. अवजार घातलेल्या दाताचे चित्र काढून नलिकेची लांबी ठरवण्याची जी पद्धत पुढे जगभर रुळली, तिचे मूळ या तारेत आहे. केल्स यांनी या कामाची फार मोठी किंमत मोजली: किरणांनी त्यांची बोटे, मग हात, मग बाहू हिरावला आणि असह्य यातनांनंतर १९२८ मध्ये त्यांनी आपले जीवन संपवले. बॉस्टनचे दंतवैद्य विल्यम रॉलिन्स यांनी १९०१ मध्येच गिनी पिगांवर प्रयोग करून किरण प्राणघातक ठरू शकतात हे दाखवले होते, नळीभोवती शिशाचे आवरण हवे व रुग्णाचे उरलेले अंग झाकलेले हवे असे सांगितले होते. त्यांचे म्हणणे समकालीनांनी ऐकले असते तर अनेकांचे हात वाचले असते.

प्रतिमेचा पहिला मोठा उपयोग दात वाचवण्यापेक्षा दात काढण्यासाठी झाला, ही या इतिहासातील खेदाची गोष्ट आहे. ब्रिटिश वैद्य विल्यम हंटर यांनी १९१० मध्ये माँट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठातील व्याख्यानात तोंडातील जंतुसंसर्ग शरीरभरच्या अनेक विकारांच्या मुळाशी असल्याचे प्रतिपादन केले, आणि त्यातून बळावलेल्या केंद्रीय संसर्गाच्या सिद्धांताने पुढची दोन-तीन दशके व्यापली. चित्रात मुळाच्या टोकाशी काळसर डाग दिसला की तो दात दोषी ठरे आणि पुष्कळदा दुखत नसलेले, कामाचे दातही उपटले जात. त्याच चित्रांचा आधार घेऊन काही दंतवैद्य उपचारानंतर डाग कमी होत जातो, हाड पुन्हा भरते, हे चिकाटीने दाखवत राहिले म्हणून रूट कॅनल टिकले.

मूळ अडचण मात्र चित्राच्या स्वरूपातच होती. तोंडात ठेवलेल्या फिल्मवर पडते ती सावली असते. वस्तू त्रिमितीय, सावली द्विमितीय. म्यूनिकमध्ये काम करणाऱ्या चिशिन्स्की यांनी १९०७ मध्ये दात व फिल्म यांच्यामधील कोन दुभागून किरण कसे सोडावेत याचा नियम दिला, पुढे फिल्म दाताला समांतर ठेवून लांबून किरण सोडण्याची समांतर पद्धत १९४७ मध्ये गॉर्डन फिट्झगेराल्ड यांनी व्यवहारात आणली, आणि सावलीची लांबी तरी विश्वासार्ह झाली. परंतु वरच्या दाढांची गालाकडील व टाळूकडील मुळे एकमेकांवर पडतात, गालफडाचे हाड त्यांच्यावर पांढरा पट्टा ओढते, आणि हाडातील पोकळी किती खोल आहे हे सावली सांगू शकत नाही, या मर्यादा कोणत्याही कोनाने सुटल्या नाहीत. यॉर्जो पातेरो यांनी फिनलंडमध्ये विकसित केलेल्या, दोन्ही जबडे एका लांबट चित्रात दाखवणाऱ्या आणि आज ओपीजी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीने सर्वेक्षणाची मोठी सोय झाली. एकेका मुळाच्या टोकाचा न्याय करण्याइतका तपशील तिच्यात नसतो.

यशाची व्याख्या प्रथम काटेकोर केली ती स्वीडनमधील स्ट्रिंडबर्ग यांच्या १९५६ च्या प्रबंधाने. मूळ व हाड यांना सांधणाऱ्या तंतूंच्या थराची, म्हणजे दंतबंधाची, चित्रातील बारीक काळी रेषा सर्व बाजूंनी सारख्या जाडीची व अखंड दिसली तरच उपचार यशस्वी. डाग लहान झाला असला तरी उरला असेल तर तो दात अपयशी गणायचा, आणि हा निर्णय घाईने न घेता वर्षानुवर्षे, निदान चार वर्षे, पाठपुरावा करून घ्यायचा, असा त्यांचा कडक दंडक होता. नंतरच्या संशोधकांनी ‘बरे होत असलेले’ असा मधला वर्ग काढून हा दंडक सैल केला, आणि निरनिराळ्या अभ्यासांतील यशाच्या टक्केवारीत जी तफावत दिसते तिचा बराचसा भाग उपचारातील फरकाचा नसून या सैलपणाचा आहे.

स्ट्रिंडबर्ग यांचा प्रबंध येऊन पाच वर्षे होत नाहीत तोच या दंडकाच्या पायालाच प्रश्न विचारणारा प्रयोग झाला. सेल्ट्झर व बेंडर या अमेरिकी संशोधकांनी १९६१ मध्ये मृत मानवी जबड्यांत कृत्रिम पोकळ्या कोरल्या व त्यांची चित्रे काढली. हाडाच्या आतील जाळीदार भागात बरीच मोठी पोकळी केली तरी चित्रात काहीच दिसत नसे. बाहेरच्या घट्ट थराला धक्का लागला की मगच डाग उमटे. म्हणजे स्वच्छ चित्राचा अर्थ निरोगी हाड असा होत नव्हता. स्वीडनच्याच इंग्रिड ब्रिनोल्फ यांनी १९६७ मध्ये मृतांच्या वरच्या पुढच्या दातांची चित्रे व त्याच जागेच्या ऊतींचे सूक्ष्मदर्शकाखालील काप शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा रूट कॅनल केलेल्या बहुतेक दातांच्या टोकाशी थोडाफार दाह आढळला. या दोन कामांचे महत्त्व कितीही सांगितले तरी थोडेच आहे, कारण प्रतिमेची तुलना दुसऱ्या प्रतिमेशी न करता प्रत्यक्षाशी करण्याचा मार्ग त्यांनी घालून दिला.

दुसरा धक्का वाचणाऱ्याच्या डोळ्यांविषयीचा होता. गोल्डमन व सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये सहा परीक्षकांना तीच चित्रे देऊन निकाल विचारला, तेव्हा निम्म्याहून कमी दातांबाबत सहाही जणांचे एकमत झाले. दोन वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या पुढील कामात तर तेच परीक्षक काही महिन्यांनी स्वतःच्याच आधीच्या निकालाशी असहमत होताना आढळले. ही अनिश्चितता आवरण्यासाठी ऑर्स्टाव्हिक, केरेकेस व एरिक्सन यांनी नॉर्वेत १९८६ मध्ये मूळाग्र निर्देशांक मांडला: ब्रिनोल्फ यांच्या संदर्भचित्रांच्या आधारे प्रत्येक मुळाला १ ते ५ गुण द्यायचे, परीक्षकाने आधी ठरावीक चित्रांच्या संचावर आपली नजर तपासून घ्यायची, आणि १ व २ म्हणजे निरोगी, ३ पासून पुढे रोगग्रस्त असे मानायचे. आजही बहुतेक अभ्यास ही पट्टी वापरतात. मात्र तिचा आधार असलेली चित्रे वरच्या पुढच्या दातांची आहेत, तर तिचा वापर खालच्या दाढांपर्यंत केला जातो, जिथे बाहेरचा अस्थिथर जाड असल्यामुळे तेवढीच पोकळी वेगळी सावली पाडते; हा दोष जितका ठळकपणे मांडला जायला हवा तितका मांडला जात नाही.

फ्रान्सिस मूयाँ यांनी फ्रान्समध्ये घडवलेल्या आणि १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात बाजारात आलेल्या आरव्हीजी यंत्राने फिल्मच्या जागी संवेदक आणला, चित्र क्षणात पडद्यावर आले, रुग्णाला लागणारी किरणमात्रा घटली. महाराष्ट्रातील दवाखान्यांतही रुग्णांच्या तोंडी आरव्हीजी हे नाव रुळले आहे. रोगनिदानाच्या दृष्टीने पाहता हा बदल सोयीचा होता, स्वरूपाचा नव्हता; सावली सावलीच राहिली.

स्वरूप बदलले ते इटलीत व्हेरोना येथील मोत्सो व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये वर्णिलेल्या यंत्राने आणि पाठोपाठ १९९९ मध्ये जपानमध्ये आराई यांनी मांडलेल्या, लहान क्षेत्र टिपणाऱ्या यंत्राने. शंकूच्या आकाराचा किरणझोत डोक्याभोवती एकदा फिरवून मिळालेल्या शेकडो सावल्यांवरून संगणक त्रिमितीय घन रचतो, जो हव्या त्या प्रतलात कापून पाहता येतो. ही पद्धत कोन-बीम सीटी किंवा सीबीसीटी म्हणून ओळखली जाते. लंडनमधील पटेल व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये सेल्ट्झर-बेंडर यांच्या धर्तीवर कोरड्या जबड्यांत जाळीदार हाडातील पोकळ्या कोरून पाहिल्या, तेव्हा साध्या चित्राने त्यांपैकी सुमारे २५ टक्के पकडल्या, सीबीसीटीने सर्व. ब्राझीलमधील एस्त्रेला व सहकाऱ्यांच्या २००८ च्या अभ्यासात, संसर्गाचा इतिहास असलेल्या रुग्णांच्या रूट कॅनल केलेल्या दातांत ओपीजीने १७.६ टक्के, तोंडातील चित्राने ३५.३ टक्के आणि सीबीसीटीने ६३.३ टक्के रोग दाखवला. पटेल यांच्याच २०१२ च्या, एक वर्षाच्या पाठपुराव्याच्या अभ्यासात साध्या चित्रानुसार ९२.७ टक्के दात बरे होते, सीबीसीटीनुसार ७३.९ टक्के. उपचार तोच, वैद्य तेच. एका मोजमापातून दुसऱ्याकडे जाताना यशाचा जवळजवळ पाचवा हिस्सा गळून पडला.

या आकड्यांवरून साधे चित्र टाकाऊ ठरवण्याची घाई अनेकांनी केली, आणि ती सयुक्तिक नव्हती. अधिक डाग दाखवणारी प्रतिमा अधिक खरी असतेच असे नाही. गटापर्चा व धातूच्या खुंट्यांभोवती सीबीसीटीत काळ्या-पांढऱ्या खोट्या रेषा पडतात, ज्या मुळाच्या तड्यासारख्या दिसू शकतात. ज्यांच्यावर कधी उपचार झाला नाही अशा सजीव, निरोगी दातांतही दंतबंधाची जागा रुंदावलेली दिसू शकते. प्रत्यक्षाशी ताडून पाहिलेले पुरावे मोजके आहेत. दे पाउला-सिल्व्हा व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये कुत्र्यांच्या दातांवर ऊतींचे काप प्रमाण मानून केलेल्या अभ्यासात सीबीसीटी निश्चितपणे सरस ठरली, पण माणसाच्या जिवंत दाताचे मूळ कापून पाहता येत नसल्याने तेवढी खात्री रुग्णांबाबत मिळत नाही.

फ्रायबॅक व थॉर्नबरी यांनी १९९१ मध्ये प्रतिमातंत्रांची उपयुक्तता सहा पायऱ्यांत मांडली: चित्राचा दर्जा, निदानातील अचूकता, वैद्याच्या विचारात पडणारा फरक, उपचारात पडणारा फरक, रुग्णाला झालेला लाभ आणि समाजाला परवडणारी किंमत. रूट कॅनलमधील सीबीसीटीविषयीचे बहुसंख्य संशोधन खालच्या दोन-तीन पायऱ्यांवरच अडले आहे, असे २०१५ मधील एका पद्धतशीर आढाव्यात दिसून आले. सीबीसीटीत लहानसा डाग दिसला, रुग्णाला वेदना नाही, चावताना त्रास नाही, साधे चित्र स्वच्छ आहे; अशा दाताची पुन्हा चिरफाड केल्याने त्याचे आयुष्य वाढते की कमी होते, याचे उत्तर पाचव्या पायरीवर आहे. शतकापूर्वी डाग पाहून दात उपटले गेले, हे लक्षात ठेवून या प्रश्नाकडे पाहणे आवश्यक आहे.

किरणमात्रेचा मुद्दाही याच तराजूत येतो. युरोपीय सेडेन्टेक्स-सीटी प्रकल्पाच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेनुसार तोंडातील एका चित्राची परिणामी मात्रा साधारण १.५ मायक्रोसीव्हर्टपेक्षा कमी असते, तर दात व लगतचे हाड टिपणाऱ्या सीबीसीटीची मात्रा यंत्र व क्षेत्र यांनुसार ११ पासून ६७४ मायक्रोसीव्हर्टपर्यंत बदलते. म्हणूनच अमेरिकेतील संघटनांच्या २०१५ च्या संयुक्त निवेदनाने तोंडातील चित्रालाच पहिली पसंती दिली आणि सीबीसीटी वापरायची तर लहान क्षेत्राची, व लक्षणे आणि साधे चित्र यांचा मेळ बसत नसेल, वरच्या पहिल्या दाढेतील गालाकडच्या मुळात हमखास निसटणारी दुसरी नलिका शोधायची असेल किंवा पुनरुपचाराचा विचार असेल अशा प्रसंगी वापरावी, असे सुचवले. भारतात ही यंत्रे मुंबईस्थित अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियंत्रणाखाली येतात. पण नियमन यंत्राचे होते, प्रत्येक चित्रामागील निर्णयाचे नाही, तो खुर्चीशेजारी उभ्या असलेल्या दंतवैद्यालाच घ्यावा लागतो.

किरणांशिवाय पाहण्याचे प्रयत्नही झाले आहेत. इटलीतील कोत्ती व सहकाऱ्यांनी २००२ च्या सुमारास श्रवणातीत ध्वनिलहरींनी टोकाशी असलेली पोकळी द्रवाने भरलेली आहे की ऊतींनी, हे ओळखण्याची शक्यता दाखवली. दातांसाठीच्या एमआरआयवरही प्रयोगशाळांत काम झाले आहे. दैनंदिन व्यवहारात यांपैकी कोणतीही पद्धत अद्याप उतरलेली नाही. तोवर पाठपुराव्याला अर्थ यावा यासाठी एक साधी अट पाळावी लागते: उपचारापूर्वी ज्या पद्धतीने, ज्या कोनातून चित्र घेतले त्याच पद्धतीने नंतरचे घ्यावे, कारण आधीचे साधे चित्र आणि नंतरची सीबीसीटी यांची तुलना केली तर बरे होत आलेला दातही बिघडल्यासारखा दिसू शकतो.