न्यायाच्या खुर्चीवर जात बसते तेव्हा...

2024 साली सर्वोच्च न्यायालयातील न्यायदेवतेच्या नव्या मूर्तीच्या डोळ्यांवर पट्टी नव्हती. पट्टी निघाली, पण जातीचा चष्मा निघाला काय?

बाबासाहेबांना याबाबत कसलाही भ्रम नव्हता. 24 मे 1949 रोजी घटना समितीत न्यायाधीशांच्या नेमणुकीवर बोलताना त्यांनी बजावले होते की, सरन्यायाधीश कितीही थोर असला तरी तो अखेर माणूसच; सामान्य माणसाचे दोष आणि पूर्वग्रह त्यालाही असतात. म्हणूनच नेमणुकीत त्याला नकाराधिकार द्यायला त्यांचा विरोध होता. पण 1993 च्या निकालाने न्यायाधीशांनीच न्यायाधीश निवडायची कॉलेजियम पद्धत आणली. परिणाम काय झाला? 2018 ते 2022 या काळात उच्च न्यायालयांत नेमलेल्या 537 न्यायाधीशांपैकी सुमारे 79 टक्के खुल्या प्रवर्गातले आणि अनुसूचित जातींचे तीन टक्केही नाहीत! हे आकडे खुद्द कायदा मंत्रालयाचे आहेत.

पक्षपात म्हणजे केवळ लाच नव्हे. पुरावा समोर असतो, पण त्यातले विश्वसनीय काय हे न्यायाधीश आपल्या घरात, आपल्या जातीत मिळालेल्या अनुभवावरून ठरवतो. खरी मेख इथेच आहे.

तामिळनाडूतील कीळवेणमणीत 25 डिसेंबर 1968 रोजी 44 दलितांना झोपडीत जाळले गेले. मद्रास उच्च न्यायालयाने जमीनदारांना निर्दोष सोडले. एवढे श्रीमंत लोक स्वतः चालत जाऊन असे कृत्य करतील हे न्यायालयाला पटले नाही! राजस्थानात भंवरीदेवींच्या प्रकरणात 1995 साली जयपूरच्या न्यायालयाने आरोपींना सोडताना, उच्चजातीय पुरुष खालच्या जातीच्या स्त्रीला स्पर्श कसा करील, असा तर्क लढवला. बलात्काऱ्याला विटाळ आठवत नाही, पण न्यायालयाला आठवला!

आपल्या खैरलांजीत 29 सप्टेंबर 2006 रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांची कत्तल झाली. 2008 साली आठ जण दोषी ठरले, परंतु ॲट्रॉसिटी कायदा लागला नाही. 2010 साली उच्च न्यायालयाने फाशी रद्द केली आणि या हत्याकांडामागे जात नसून सूड आहे असे मानले. पण दलित कुटुंबाने साक्ष देण्याचे धाडस केले म्हणूनच सूड पेटला ना? मग तो सूड जातीचा नव्हे तर कशाचा?

दृष्टी बदलली की निकालही बदलतो. 20 मार्च 2018 रोजी दोन न्यायमूर्तींनी गैरवापराचे कारण देत ॲट्रॉसिटी कायद्याची धार बोथट केली. 2 एप्रिलला बहुजन समाज रस्त्यावर उतरला, संसदेने कायदा दुरुस्त केला आणि 1 ऑक्टोबर 2019 रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते निर्देश मागे घेतले. कायदा तोच, न्यायालयही तेच!

2025 साली भूषण गवई सरन्यायाधीश झाले, याचा अभिमान आहेच. परंतु शिखरावर एक माणूस पोहोचल्याने पायथ्यापर्यंतची रचना बदलत नाही. घटनेच्या कलम 312 मध्ये अखिल भारतीय न्यायिक सेवेची तरतूद 1976 पासून आहे; ती आजही कागदावरच आहे. चळवळीने ही मागणी लावून धरली पाहिजे. आणि ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम 15अ नुसार जामिनाच्या सुनावणीतही पीडिताला आपले म्हणणे मांडण्याचा हक्क आहे, हे वस्तीवस्तीत सांगितले पाहिजे. न्यायाधीशाचा पूर्वग्रह आपल्या गैरहजेरीत फोफावतो. म्हणून प्रत्येक तारखेला आपला वकील आणि आपली माणसे कोर्टात हजर हवीत!