मुरांबा ‘सेव्ह’ होत नाही

शाळेत इंग्रजी शिकवायला लागलो, त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षीची गोष्ट. सातवीतल्या एका मुलीनं मुरांब्यावरच्या निबंधात लिहिलं होतं, ‘माय मदर सेव्ह्ड द मँगोज इन अ जार.’ मी लाल शाईनं ‘सेव्ह्ड’ खोडून वर ‘प्रिझर्व्ह्ड’ लिहिलं. ती वही घेऊन टेबलाशी आली. “सर, आईनं आंबे सडण्यापासून वाचवलेच ना? मग?” मला उत्तर आलं नाही. तेवढ्यात घंटा झाली आणि मी सुटलो. पण त्या ‘मग?’नं मला पुढं तीस वर्षं कोश चाळायला लावले.

आधी वंशावळ उरकून टाकू. ‘सेव्ह’ आणि ‘सेफ’ हे भाऊ लॅटिन ‘साल्वुस’चे. साल्वुस म्हणजे धडधाकट, अखंड. आपला ‘सर्व’ही त्याच आदिम मुळाचा. ‘प्रिझर्व्ह’, ‘कन्झर्व्ह’, ‘रिझर्व्ह’ ही तीन भावंडं ‘सेर्वारे’ची, म्हणजे राखण्याची. ‘सिक्युअर’ म्हणजे शब्दशः विनाकाळजी, आपल्याकडचं निर्धास्त. ‘गार्ड’ आणि ‘वॉर्ड’ मुळात एकच. ‘कीप’चं मूळ मात्र नीट लागत नाही, पण इंग्रजी किल्ल्याच्या बालेकिल्ल्यालाही ‘कीप’च म्हणतात. झालं.

आता माझा लाडका ‘प्रोटेक्ट’. याच्या पोटात ‘टेगेरे’ म्हणजे झाकणे. गवताच्या छपराला इंग्रजीत ‘थॅच’ म्हणतात, तेही याच घराण्यातलं. संस्कृतात याचा नातेवाईक ‘स्थग्’, त्यावरून आपलं ‘स्थगित’. आणि आपला ‘ठग’ही बहुधा तिथूनच आलेला. तोच पुढं इंग्रजीत ‘थग’ झाला. म्हणजे झाकून राखणारा आणि झाकून लुबाडणारा एकाच कुळातले! हे सापडलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. बायकोला उठवून सांगितलं. ती म्हणाली, “ठगाचं उद्या बघू. दिवा मालवा.”

मूळ कळलं की वापर सोपा होतो. ‘प्रोटेक्ट’ला संकट अजून यायचं असतं, म्हणून छत्री ‘प्रोटेक्ट’ करते. ‘सेव्ह’ला संकट गळ्याशी आलेलं असतं, म्हणून बुडणाऱ्याला ‘सेव्ह’ करतात. पैसे आणि वेळही ‘सेव्ह’ होतात, कारण ते हातचे जायच्या बेतात असतात. संगणकावरचं ‘सेव्ह’ही तसंच, वीज जाऊन दोन तासांचं टंकलेखन उडालं की त्या बटणाचा अर्थ कोशाशिवाय कळतो. ‘प्रिझर्व्ह’ची नजर मात्र काळाकडे. वस्तू आहे त्या अवस्थेत टिकायला हवी, वर्षभर किंवा शंभर वर्षं. मुरांबा त्यातला.

‘प्रिझर्व्ह’ आणि ‘कन्झर्व्ह’ यांच्यातलं भांडण तर अमेरिकेत एका दरीवरून झालं. सॅन फ्रान्सिस्कोला पाणी हवं होतं, आणि धरणाची जागा निघाली योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातली हेच हेची दरी. जॉन म्यूर म्हणत, दरी आहे तशी राहू द्या, हे ‘प्रिझर्व्ह’. वनखात्याचे प्रमुख राहिलेले गिफर्ड पिंचो म्हणत, निसर्ग जपायचा तो शहाणपणानं वापरण्यासाठी; हे ‘कन्झर्व्ह’. 1913 साली अमेरिकी काँग्रेसनं धरणाला मंजुरी दिली. आज ती दरी पाण्याखाली आहे.

आपल्याकडे असा पेच ‘रिझर्व्ह’नं टाकला. सह्याद्रीतल्या एका घाटवाटेवर वनखात्याची पाटी दिसली: ‘राखीव वन’. सोबतचा मित्र म्हणाला, “राखीव म्हणजे बसमधल्या सीटसारखं. ‘संरक्षित’ जास्त कडक असणार.” मलाही तसंच वाटायचं. खाली उतरल्यावर चहाच्या टपरीवर एक वनरक्षक भेटले. ते बशीत चहा ओतता ओतता म्हणाले, “उलटं आहे, गुरुजी. राखीवात परवानगी असेल तेवढंच करायचं. संरक्षितात मनाई असेल तेवढं टाळायचं.” कायद्याचा अख्खा तास त्यांनी दोन वाक्यांत उरकला.

ही विभागणी 1878 च्या वन कायद्यातली, 1927 च्या कायद्यातही ती कायम राहिली. सरकारला जहाजांसाठी साग आणि रेल्वेच्या रुळांखाली घालायला स्लीपर हवे होते. ‘रिझर्व्ह’ करताना कोणासाठी, हे आधी ठरलेलं असतं. इथं ते सरकारसाठी होतं. आणि जंगल ज्याच्यापासून राखलं, तो त्याच जंगलातून लाकूडफाटा, हिरडा आणणारा गावकरी होता. त्याच गावकऱ्यानं शेजारची देवराई पिढ्यान्‌पिढ्या, पाटीशिवाय राखली होती.

त्या मुलीला आज उत्तर देता आलं असतं. ती आता कुठं असेल, माहीत नाही. म्हणून तुम्हाला सांगतो. इंग्रजीत ‘सेव्ह’ लिहिण्याआधी थांबा आणि मराठीत स्वतःला विचारा: वाचवायचं आहे, झाकायचं आहे, टिकवायचं आहे, जपून वापरायचं आहे, की कोणासाठी राखून ठेवायचं आहे? क्रियापद आपोआप सापडेल. आणि मुरांबा घालणार असाल तर बरणी कोरडी करून घ्या. ओलसर बरणीत ‘प्रिझर्व्ह’ही टिकत नाही.