रेडिएटर पंख्याच्या सेन्सरची वायरिंग नीट ठेवा

बारामती व इंदापूर भागातील डाळिंब, पेरू व भाजीपाला छोट्या टेम्पोतून पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डात नेला जातो. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. गाडी धावत असताना समोरचा वारा रेडिएटर थंड ठेवतो. परंतु हडपसरच्या कोंडीत गाडी उभी राहिली की सारी भिस्त पंख्यावर असते. त्याच वेळी पंखा फिरला नाही तर पाणी उकळते, हेड गॅस्केट जाते आणि माल रस्त्यावरच खराब होतो. पुष्कळदा पंखा व सेन्सर चांगले असतात. दोष सैल कनेक्टरचा किंवा घासलेल्या वायरचा असतो.

पंखा कसा सुरू होतो?

बहुतेक ट्रॅक्टरचा पंखा पट्ट्यावर फिरतो. तेथे सेन्सर फक्त तापमानाचा काटा हलवतो. विजेवरील पंख्याचे दोन प्रकार आढळतात. जुन्या गाड्यांत रेडिएटरवर थर्मो-स्विच असतो. पाणी साधारण ९० ते ९५ अंश तापले की तो रिले चालू करतो. नव्या गाड्यांत सेन्सरचा विद्युतरोध उष्णतेबरोबर कमी होतो व गाडीतील संगणक तो मोजून पंखा लावतो. म्हणजे कनेक्टरमध्ये गंज चढला तर रोध वाढतो आणि गरम पाणीही संगणकाला थंड वाटते.

वायरिंग कशी करावी?

१) इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. बॅटरीची ऋण तार प्रथम काढावी, कारण काही गाड्यांत चावी बंद असतानाही पंखा अचानक फिरतो. उपरणे, टॉवेल सैल ठेवू नये.

२) सेन्सरपासून रिलेपर्यंत वायर हाताने तपासावी. उंदरांनी कुरतडलेला, कडक झालेला किंवा हिरवट गंज चढलेला भाग कापून टाकावा.

३) नवा जोड डाख देऊन किंवा दाबून पक्का करावा व त्यावर उष्णतेने आवळणारी नळी चढवावी. साधी चिकटपट्टी वापरू नये. तिचा डिंक उष्णतेने वितळतो.

४) वायर लवचिक प्लास्टिक नळीतून न्यावी व दर वीतभर अंतरावर बांधावी. एक्झॉस्ट पाइप, पट्टा व पंख्याच्या पात्यांपासून ती दूर ठेवावी.

५) इंजिन हादरते, म्हणून सेन्सरजवळ थोडी ढील ठेवावी. वायरचा झोल कनेक्टरच्या खाली यावा, म्हणजे पाणी आत न शिरता खाली ठिबकते.

६) अर्थिंगची जागा पॉलिश पेपरने घासून बोल्ट आवळावा. एका वायरच्या सेन्सरचे अर्थिंग त्याच्या आट्यांतूनच होते. तेथे टेफ्लॉन पट्टी गुंडाळू नये.

हे टाळावे

पंखा लागत नाही म्हणून फ्यूजशिवाय थेट जोडणी करू नये. पंख्याला १० ते २० अँपिअर किंवा त्याहून अधिक प्रवाह लागतो. सेन्सरची बारीक वायर एवढ्या प्रवाहाने जळते. पंख्याची वायर जाड असावी आणि फ्यूज कंपनीने दिलेल्या क्षमतेचाच घालावा. संगणक असलेल्या गाडीत सेन्सरच्या वायरी एकमेकींना जोडून पाहू नयेत.

शेवटची तपासणी

बॅटरी जोडून गाडी जागेवर चालू ठेवावी. काटा मधोमध आल्यानंतर पंखा आपोआप सुरू होऊन काही वेळाने बंद झाला पाहिजे. तसे न होता काटा वर चढू लागल्यास इंजिन ताबडतोब बंद करावे. गरम रेडिएटरचे झाकण मात्र उघडू नये. ही तपासणी उन्हाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर अशी वर्षातून दोनदा करावी. तासाभराच्या या कामाने इंजिनही वाचते आणि मालही वेळेवर बाजारात पोहोचतो.