गवताची गाठ कधी बांधावी?

वखारीत गवत काळे पडले की तबेलेवाला भाव पाडतो. दोष बहुधा घाईने बांधलेल्या गाठीचा असतो. पान लवकर वाळते, काडीचे पेर मागाहून. म्हणून व्यापारी बांधवांना आम्ही सांगतो, पेराजवळ नखाने खरवडून पाहा. साल सुटली तर ओल आहे. शंका राहिल्यास बरणीत बारीक तोडलेले गवत व कोरडे मीठ घालून दोन मिनिटे हलवा. मिठाच्या गुठळ्या झाल्या तर थांबा. ओल शेकडा 15 ते 18 असावी. 20 च्या वर बुरशी येते, गाठ आतून तापते, प्रसंगी गंजी पेटतेही! फार वाळवले तर पाने झडतात, वजनही घटते. मजूर खोळंबले तरी सकाळचे दव उडाल्यावरच बांधणी करावी आणि पुढे दोन-तीन आठवडे गाठींची ऊब तपासत राहावे.