आपोआप चालणारी खतावणी : दोन पथ्ये

पेढीची बिले व उतारे ‘एक्सेल’कडून आपोआप लिहवून घेण्याचे काम ‘जावा’ भाषेतील प्रोग्रॅम ‘जेकब’ या दुव्याच्या साहाय्याने करू शकतो. मात्र दोन पथ्ये अवश्य पाळावीत.

पहिले पथ्य कामाच्या धाग्यांचे. जावा एकाच वेळी अनेक धागे, म्हणजे थ्रेड, चालविते. एक्सेल मात्र आज्ञा एकामागून एक स्वीकारते आणि गुंतलेले असता नवी आज्ञा नाकारते. यास्तव ज्या धाग्याने एक्सेल उघडले, त्यानेच ते चालवावे व मिटावे. इतरांनी आपले काम त्याच्याकडे रांगेने सोपवावे.

दुसरे मेमरीचे. जावा आपली अडगळ स्वतः झाडते. परंतु एक्सेलने किती जागा अडविली, हे तिला दिसत नाही. वही, पान वा घर यांचा घेतलेला ताबा सोडला नाही, तर ‘क्विट’ म्हटल्यावरही एक्सेल पडद्याआड राहू शकते. मध्येच चूक होऊन वही उघडी राहिली, तर दुसऱ्या दिवशी दिवाणजींस ती केवळ वाचावयास मिळते, जमाखर्च अडतो. म्हणून मिटण्याच्या आज्ञा ‘फायनली’ या भागात लिहाव्यात. चूक झाली तरी तो भाग चालतो.

केवळ फाइलच लिहावयाची असल्यास ‘अपाची पीओआय’ ती एक्सेलवाचून लिहिते. तेथे एक्सेल पडद्याआड राहण्याचा प्रश्न उरत नाही. मात्र मोठ्या वहीस मेमरी बेताने वापरणारी त्याची ‘एसएक्सएसएसएफ’ पद्धत योजावी.